दोन सह्यांचं कार्ड

नाशिक, रविवार रात्र

रव्या,

सलाम, नमस्कार, राम राम, जे हवं ते घे. काका गेले तेव्हा मी नुसता हात जोडलेला इमोजी टाकला आणि गप्प बसलो त्याला आता आठ महिने होतील. चार-पाच वेळा फोन लावला आणि रिंग जायच्या आत कट केला. माझे पप्पा गेले तेव्हा तू रात्रीची एसटी पकडून आला होतास ना, तेच आडवं येत असणार. शिव्या भेटल्यावर घाल, आत्ता ऐक. व्हॉट्सॅपवर लिहायला बसलो होतो पण मारुतीच्या शेपटीसारखं वाढत चाललं म्हणून ईमेल करतोय.

तब्येत ठीक. मला शुगर आहे, स्नेहाला गुडघे आहेत, दोघांना गोळ्या आहेत. झालं.

आमची रूथी यहोवाची साक्षीदार झालीय. हो, तेच लोक. शरणपूरच्या जुन्या घरी दोघी बायका यायच्या आठवतं का, छत्री, पर्स, कडक इस्त्रीची साडी आणि हातात 'टेहळणी बुरूज'. पप्पा आतूनच ओरडायचे, "आम्ही ख्रिस्तीच आहोत!" आणि त्या शांतपणे म्हणायच्या, "हो, म्हणूनच आलोय." तू एकदा ते मासिक घेतलंस आणि त्याची पुडी करून त्यात फुटाणे भरलेस तर पप्पांनी तुलाच झापलं, पुडी केली म्हणून नाही, घेतलं म्हणून. ज्या माणसाने आयुष्यभर पाहुण्यांना चहाच्या आधी सांगितलं की आफ्रिका पालथी घालणाऱ्या लिव्हिंगस्टनच्या अंत्यविधीला प्रार्थना वाचणारा जेकब वेनराइट आपल्या शरणपूरला शिकला, त्या माणसाची नात आता पुण्यात रविवारी सकाळी लोकांच्या बेल वाजवते.

दोन वर्षं ऑफिसातल्या एका मुलीबरोबर बायबल अभ्यास चालू होता. मला माहीत होतं, मी खूश होतो की चला, पवित्र शास्त्र तरी वाचतेय, नाहीतर चर्चला आली की निम्मा वेळ मोबाईल. मग यंदा त्यांच्या संमेलनात बाप्तिस्मा घेतला आणि घरी नंतर सांगितलं. मी म्हटलं तुझा बाप्तिस्मा झालाय, चार महिन्यांची होतीस, पाळकांच्या झग्यावर दूध काढलं होतंस, फोटो आहे. म्हणते, तो धरत नाहीत, कळत्या वयात स्वतः ठरवून पाण्यात पूर्ण बुडावं लागतं. यावर काय बोलणार, तेवढं तर आपले बाप्टिस्टपण म्हणतात.

पण बाकीचं तसं नाही रे. दिवाळीच्या सुट्टीत ती चार दिवस होती आणि चार दिवस आमच्या किचनमध्ये जी परिषद भरली ती निकायाला ३२५ साली चर्चच्या धर्मगुरूंची भरली नसेल. मुख्य गाडी अडते त्रैक्यावर. पिता, पुत्र, पवित्र आत्मा, एकच देव, हे आम्ही लहानपणापासून घोकलेलं. ती म्हणते देव एकटा यहोवा, येशू त्याने निर्माण केलेला पहिला, म्हणजे देवाचा पुत्र पण देव नव्हे, आणि पृथ्वीवर यायच्या आधी तो मिखाएल आद्यदूत होता. पवित्र आत्मा ही व्यक्तीच नाही, देवाची शक्ती, लाईटसारखी. मी योहानाचं पहिलं वचन काढलं, 'शब्द देव होता'. तिने मोबाईलवर त्यांचं इंग्रजी भाषांतर काढलं, तिथे 'एक देव' असं आहे. एका 'एक'ने केवढा फरक पडतो बघ. मग मी शेवटचं हत्यार काढलं, संडेस्कूलचं, पाणी-बर्फ-वाफ, तिन्ही पाणीच. तर म्हणते, "पप्पा, हे तर तुमच्याच चर्चने पाखंड ठरवलंय, एकच देव तीन रूपं बदलतो म्हणणं." मी दुसऱ्या दिवशी गुपचूप पाळकसाहेबांना विचारलं. ते हसले आणि म्हणाले बरोबर आहे तिचं. म्हणजे मी पन्नास वर्षं पाखंडी. वर साहेब म्हणाले ती जे येशूबद्दल म्हणते तेही नवीन नाही, चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाचा एरियस साधारण तेच म्हणायचा आणि निकायात त्यालाच बाहेर काढलं. मी तिला हे ऐकवलं. ती म्हणे, "मग बहुमताने देव ठरला का?" तुझ्या वळणावर गेलीय, मी आधीपासून सांगतोय.

रात्री झोप येईना म्हणून मीपण वाचत बसलो. हे सगळं अमेरिकेत पिट्सबर्गच्या बाजूला चार्ल्स टेझ रसेल नावाच्या माणसाने सुरू केलं, कपड्याच्या दुकानातला माणूस, मासिक काढलं १८७९ ला. 'यहोवाचे साक्षीदार' हे नाव १९३१ चं, रसेलच्या नंतरच्या रदरफर्डने दिलेलं, यशया ४३ वरून. ख्रिस्त १९१४ पासून स्वर्गात अदृश्यपणे राज्य करतोय असं मानतात. १९२५ मध्ये अब्राहाम-इसहाक परत जिवंत होऊन येणार म्हणून थांबले होते, ते आले नाहीत, तरी पुढे त्यांच्यासाठी सॅन दिएगोला बंगला बांधला आणि रदरफर्ड स्वतःच त्यात राहिला! हे वाचून मी रात्री दीडला एकटा हसलो. मग जग संपणार म्हणून १९७५ ची वाट पाहिली. मी हे सगळं सकाळी पोह्यांबरोबर वाढलं तिला. ती चिडली नाही रव्या, तेच तर. म्हणाली, चुकलं, पुढे सुधारलं, तुमच्यात कोण सुधारतं? नरक नाही, आत्मा अमर नाही, मेलं की झोप, स्वर्गात फक्त १,४४,००० जाणार आणि बाकीचे इथेच सुंदर केलेल्या पृथ्वीवर. स्नेहा म्हणाली, इथेच म्हणजे नाशिकला? कुंभमेळ्याची खोदकामं संपली असतील का तोवर?

वधस्तंभ नको, त्यांच्या मते तो साधा उभा खांब होता. तिच्या खोलीतला आजीचा क्रूस तिने नीट कागदात गुंडाळून आईच्या कपाटात ठेवला, टाकला नाही. नाताळ नको, मूळ परधर्मीयांचा सण म्हणून. मी म्हटलं तुमच्याच ब्रुकलिनच्या मुख्य ऑफिसात १९२६ पर्यंत नाताळ करत होते. "हो, आणि मग सोडला." गेल्या वर्षी २५ ला खोलीत बसून राहिली आणि २८ ला येऊन अकरा करंज्या खाल्ल्या, २८ ला करंजी ही नुसती करंजी असते म्हणे. वाढदिवसपण नाही, कारण बायबलमध्ये दोनच वाढदिवस, फारोचा आणि हेरोदाचा, दोन्हीकडे कुणाचा तरी जीव गेला. आईचा ऐंशीवा होता तेव्हा केक कापून झाल्यावर आली, आजीला स्वेटर दिला, 'असाच दिला' म्हणाली. आईला काय, स्वेटर मिळाला.

एक गोष्ट मात्र अजून छातीत रुतून बसलीय. एप्रिलमध्ये, बाप्तिस्म्याच्या आधी, ती मला त्यांच्या स्मारकविधीला घेऊन गेली होती. वर्षातून एकदाच असतो, येशूच्या मरणाच्या संध्याकाळी, यहुदी कॅलेंडरप्रमाणे निसानची १४. हॉल स्वच्छ, माणसं गोड, मला तिघांनी पाणी विचारलं. मग भाकरीची ताटली फिरायला लागली, बेखमीर भाकरी, आणि कुणीच घेईना. या हातातून त्या हातात, शंभरेक माणसं, सगळे हातात घेतात आणि पुढे देतात, कारण ती खायची फक्त स्वर्गात जाणाऱ्यांनी आणि त्या हॉलमध्ये तसं कुणीच नव्हतं. माझ्यापर्यंत आली आणि माझा हात आपोआप तुकड्याकडे गेला, पंचेचाळीस वर्षांची सवय. रूथीने काही न बोलता हळूच ताटली माझ्या हातातून घेतली आणि शेजारच्या आजींना दिली. मग द्राक्षारसही तसाच फिरून भरलेला परत गेला. त्रैक्यापेक्षा मला हे जड गेलं. आमच्याकडे प्रभुभोजनाला तो दारुडा मामासुद्धा पुढे येतो रे, आणि त्यालाही मिळतं.

तरी मी त्यांना वाईट म्हणू शकत नाही, ही पंचाईत आहे. हिटलरच्या छावण्यांमध्ये त्यांना जांभळा त्रिकोण लावला, सही करून श्रद्धा सोडली तर सुटका होती, बहुतेकांनी केली नाही. आपल्याकडे केरळात तीन पोरं राष्ट्रगीताला उभी राहायची पण गायची नाहीत म्हणून शाळेतून काढली, ती केस सुप्रीम कोर्टात जिंकली १९८६ ला. आपण दोघं तेव्हा हे ऐकून 'देशद्रोही' म्हणालो होतो, मी जास्त मोठ्याने. आणि २०२३ ला तिकडेच कळमशेरीत त्यांच्या संमेलनात बॉम्ब फुटला, माणसं गेली. ती संमेलनाला जाते तेव्हा संपूर्ण दिवस माझं लक्ष फोनकडे असतं.

बरं, तुझं काय? चिन्याची बारावी कशी गेली? वहिनींची बदली झाली का ते सांग. आणि दाढी ठेवलीस म्हणे, फोटो बघितला, साधू दिसतोस. रूथीच्या लोकांनीपण पुरुषांना दाढीची परवानगी २०२३ च्या डिसेंबरात दिली, तेव्हा तुझी सोय झालीय.

आता मुद्दा. निघायच्या आदल्या रात्री तिने माझ्यासमोर एक कार्ड ठेवलं. मला अपघात झाला, ऑपरेशन झालं, काहीही झालं तरी रक्त चढवू नये. प्रेषितांची कृत्ये १५, रक्त वर्ज्य करा. १९४५ पासून त्यांचं हे आहे, आणि १९६१ पासून मुद्दाम रक्त घेणाऱ्याला मंडळीबाहेरचा धरतात. प्लाझ्मातले बारीक घटक चालतात ज्याच्या-त्याच्या मनाप्रमाणे, पण तांबड्या पेशी नाहीत. मी म्हटलं ते खाण्याबद्दल आहे गं, बकऱ्याच्या रक्ताबद्दल, त्या काळी बाटल्या कुठे होत्या. ती म्हणे डॉक्टर म्हणाले दारू पिऊ नका, तर शिरेतून घेतली तर चालेल का?

आणि कार्डावर खाली साक्षीदारांच्या दोन सह्या. साक्षीदारालाही साक्षीदार लागतात, बघ.

रव्या, मला कसारा घाट दिसला. १९९३, तुझा अपघात. दवाखान्याचा तो जाळीचा कॉरिडॉर, तुझ्या आईची चप्पल एकच पायात, आणि मी आत तुला रक्त द्यायला झोपलेलो, मूठ उघड-मीट करत. तुझ्या आजीने डॉक्टरांना विचारलं होतं, ख्रिस्तावाचं रक्त आमच्या पोराला चालेल का, आणि ते म्हणाले आजी, लाल असलं की चालतं. पुढे तू वीस वर्षं आमच्याकडे नाताळच्या करंज्या 'रक्ताच्या नात्याने' मागून खाल्ल्यास. (आणि ब्रेक ढिला आहे हे मी निघतानाच सांगितलं होतं. सांगितलं होतं.) त्यानंतर मी एकेचाळीस वेळा रक्त दिलं, शुगर निघेपर्यंत. पोरीला लहानपणी बरोबर न्यायचो, तिला तिथला बिस्किटाचा पुडा मिळायचा.

मी सही केली नाही. बोललो असतो तर बरं झालं असतं, पण मी बघतो म्हणालो, कार्ड माझ्या ड्रॉवरमध्ये टाकलं आणि सकाळी खोटं बोललो, सापडत नाहीये. ती हसली, म्हणाली दुसरं मिळतं पप्पा. बसमध्ये चढताना सांगितलं, एक सही तुमची हवीय आणि एक रवीकाकांची, मला ओळखणाऱ्या माणसांच्या हव्यात.

म्हणून हे पत्र. ती तुला फोन करणार, बहुतेक शनिवारी, त्या दिवशी सुट्टी असते तिला. तिला तुझा अपघात माहीत आहे, बाटलीचंपण माहीत आहे, मुद्दाम तुलाच विचारणार. मी तुला काय सांग म्हणून सांगत नाही. चिडू नकोस तिच्यावर एवढंच, आणि ते सॅन दिएगोच्या बंगल्याचं काढू नकोस, ते मी वापरून झालंय. काय म्हणालास ते मला कळवू नकोस. नाही, कळव. रात्री कितीही वाजता.

तुझा,
सॅम्या

ता.क. कार्ड ड्रॉवरमध्येच आहे, माझ्या रक्तदानाच्या जुन्या कार्डांच्या खाली. स्नेहाला अजून सांगितलेलं नाही.