आकाशाच्या बातमीत दुर्बिणीतले दृश्यही छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ग्रह-ताऱ्यांची काही घडामोड असली की आपल्या अंकात तिची बातमी येते, ही चांगलीच गोष्ट आहे. माझी तक्रार आहे ती बातमीशेजारच्या फोटोबद्दल. 'गुरू आज रात्रभर दिसणार' अशी बातमी असते आणि शेजारी अवकाशयानाने काढलेला, ढगांचे वेढे मोजता येतील असा रंगीत फोटो. घरी दुर्बीण असलेला वाचक त्या रात्री मुलांना घेऊन अंगणात जातो. मुले आयपीसला, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगाला, डोळा लावतात, 'इतकासाच?' म्हणतात आणि आत निघून जातात. महिन्याभरात दुर्बीण माळ्यावर पडलेली असते.

मी निवृत्त टर्नर आहे. उभी हयात लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, गेली. हातात कसब आहे म्हणून ओळखीपाळखीचे लोक 'काही दिसत नाही हो हिच्यातून' म्हणत दुर्बिणी माझ्याकडे आणतात. आरशात किंवा भिंगात सहसा दोष नसतो. स्टँड डळमळीत असतो, आणि मालकाच्या डोक्यात तो फोटो असतो.

फोटोइतकाच दोष खोक्यावरच्या आकड्याचा. '५२५ पट' असे ठळक छापलेले असते. हा आकडा येतो कुठून? आरसा ७६ मिलिमीटरचा, त्याचे नाभीय अंतर, म्हणजे आरशापासून प्रतिमा उमटते तिथवरचे अंतर, ७०० मिलिमीटर. ७०० ला आयपीसच्या ४ मिलिमीटर नाभीय अंतराने भागले की १७५. त्यावर तिप्पट करणारी बार्लो लेन्स चढवली की ५२५. हिशेब चोख आहे, पण आरशात तेवढा दम नाही. आरशाचा व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या साधारण दुपटीपर्यंतच प्रतिमा मोठी करण्यात अर्थ असतो. म्हणजे ७६ च्या आरशाला फार तर दीडशे पट, तेही हवा शांत असेल त्या रात्री. प्रतिमा दुप्पट मोठी केली की तेवढाच प्रकाश चौपट जागेत पसरतो. नवा तपशील येत नाही, होता तोही धूसर होतो. त्यापेक्षा आरशाचा व्यास विचारावा. १५० मिलिमीटरचा आरसा ७६ च्या आरशाच्या जवळजवळ चौपट प्रकाश गोळा करतो.

आता स्टँड. या विषयावर मला गप्प बसवत नाही. लेथवर टूल, म्हणजे कापायचे हत्यार, गरजेपेक्षा बाहेर काढून धरले की जॉबवर, म्हणजे कातायच्या तुकड्यावर, थरथरीच्या रेघा उमटतात, हे शिकाऊ पोरालाही ठाऊक असते. तिपाईचे पाय शेवटपर्यंत ओढले की तेच होते, आणि शंभर पटीला ती थरथरही शंभर पट होऊन दिसते. परीक्षा सोपी आहे. एखादा तारा आयपीसमध्ये आणावा आणि नळीला बोटाने हलकी टिचकी मारावी. एक-दोन सेकंदांत तारा जागेवर आला तर ठीक. पाच सेकंद नाचत राहिला, तर फोकसच्या गुंडीला हात लावाल तेव्हा तो असाच नाचणार आणि फोकस नेमका कुठे लागला ते कधीच कळणार नाही. पाय आखडते घ्यावेत, स्टुलावर बसून बघावे, तिपाईच्या मधोमध वाळूची पिशवी टांगावी, सैल बोल्ट आवळावेत. एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. मला स्वतःला लाकडी खोक्यासारखी डॉब्सोनियन बैठक पसंत आहे. गिअर नाही, मोटर नाही. टेफ्लॉनच्या तुकड्यांवर फिरते, ढकलली की जाते आणि सोडली की तिथेच थांबते. ताऱ्यांच्या फिरण्याबरोबर एकाच अक्षावर फिरवता येणारा स्टँड, म्हणजे इक्वेटोरियल माउंटही उत्तम, पण दर वेळी ध्रुवाकडे अक्ष लावण्याचा ज्याला कंटाळा आहे त्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

फाइंडर, म्हणजे नेम धरण्यासाठी नळीवर बसवलेली छोटी दुर्बीण, जुळवायचे काम दिवसाउजेडी करावे. सूर्याच्या विरुद्ध दिशेचा एखादा लांबचा खांब किंवा झाडाचा शेंडा २५ मिलिमीटरच्या आयपीसमध्ये मधोमध आणायचा आणि मग फाइंडरचे स्क्रू फिरवून त्याची फुली त्याच शेंड्यावर आणायची. हे केले नाही तर रात्री गुरू शोधण्यातच जीव मेटाकुटीला येतो. दुर्बीण बघायच्या आधी तासभर बाहेर ठेवावी, म्हणजे आरसा बाहेरच्या हवेइतका थंड होतो. दिवसभर तापलेल्या गच्चीपेक्षा मातीचे किंवा गवताचे अंगण बरे; गरम फरशीवरून उठणाऱ्या हवेत ग्रह उकळत असल्यासारखा दिसतो आणि लोक दोष देतात भिंगाला.

एवढे सगळे जमल्यावर दिसते तरी काय? गुरू. पृथ्वीजवळ असताना तो ४० पट मोठा केला की साध्या डोळ्यांना दिसणाऱ्या पूर्ण चंद्राएवढा होतो. हे कुणाला पटत नाही, कारण काळ्या वर्तुळात शेजारी मापाला काही नसते. आधी नुसती पिवळट चकती. डोळा हलवला नाही तर अर्ध्या-एक मिनिटात तिच्यावर दोन करडे पट्टे उमटतात, हवा क्षणभर स्थिरावली की त्यांच्या कडा स्पष्ट होतात आणि पुन्हा विरतात. चकतीच्या दोन बाजूंना एका ओळीत चार ठिपके, गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत पाहिलेले तेच चंद्र. आयो हा त्यातला सर्वांत आतला, ४२ तासांत फेरी पूर्ण करतो. तो चकतीच्या कडेजवळ असेल तर तासाभरात सरकलेला कळतो. पृथ्वी फिरते म्हणून शंभर पटीला गुरू दोनेक मिनिटांत आयपीसबाहेर जातो. त्यामुळे मागे रांग असली की 'झालं का?' सुरू होते आणि पट्टे दिसायच्या आत माणूस बाजूला होतो. पाचपन्नास जणांच्या गर्दीत दाखवलेला गुरू म्हणूनच फारसा कुणाला आवडत नाही.

मृगातल्या बाणाच्या खालचा तेजोमेघ फोटोत गुलाबी असतो. आयपीसमध्ये तो राखाडी, क्वचित हिरवट दिसतो, कारण अंधुक उजेडात डोळ्याला रंग कळत नाहीत. पण त्याच्या पोटातले चार ताऱ्यांचे छोटे चौकट फोटोत बहुधा प्रकाशात बुडून जाते आणि दुर्बिणीत लख्ख दिसते. त्यासाठी वीस-पंचवीस मिनिटे अंधाराची सवय हवी. मधे मोबाइल पाहिला की ती मोडली.

शब्द गाळण्याचाही असाच घोळ होतो. २००३ च्या ऑगस्टमध्ये मंगळ पृथ्वीच्या फार जवळ आला होता. दुर्बिणीतून ७५ पट मोठा केलेला मंगळ साध्या डोळ्यांनी पाहिलेल्या पूर्ण चंद्राएवढा दिसेल, असे तेव्हा लिहिले गेले, आणि ते बरोबर होते. फिरता फिरता '७५ पट' गळून पडले आणि 'आकाशात दोन चंद्र दिसणार' ही आवई पुढे कित्येक ऑगस्ट उठत राहिली. शनीचेही तसेच. २०२५ च्या मार्चमध्ये त्याची कडी आपल्याकडे कडेने आली. त्या वर्षभर ती रेघेसारखीच दिसत होती, पण बातम्यांना फोटो मात्र ऐसपैस उघडलेल्या कड्यांचे. असे दर चौदा-पंधरा वर्षांनी होते. १६१२ मध्ये शनीच्या बाजूचे 'सोबती' नाहीसे झाले तेव्हा खुद्द गॅलिलिओ चक्रावला होता. ती कडी आहेत हे डच खगोलशास्त्रज्ञ ह्युजेन्सने १६५९ मध्ये छापून सांगितले. बातमीत एवढे एक वाक्य असते, तर निदान तेवढ्यापुरत्या तरी माझ्याकडे 'शनी बिघडला' म्हणून दुर्बिणी आल्या नसत्या.

तेव्हा विनंती अशी की, अवकाशयानाचा फोटो हवा तर छापा, पण त्याच्या शेजारी लहान दुर्बिणीतून दिसते तसे पेन्सिलचे चित्र द्या; असे चित्र काढून देणारे हौशी निरीक्षक आनंदाने मदत करतील. ग्रह किती वाजता, कोणत्या दिशेला, क्षितिजापासून किती मुठी वर ते लिहा. हात लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंशांची. किती पटीला काय दिसेल तेही लिहा. आणि पौर्णिमेला चंद्र बघा असे दुर्बीणवाल्यांना सांगू नका. त्या रात्री उजेड समोरून पडतो, सावल्या नसतात आणि चंद्र सपाट दिसतो. विवरे बघायची ती अष्टमीच्या आसपास, उजेड-अंधाराच्या सीमेवर.

सूर्याबाबतची सूचना मात्र चौकटीत आणि ठळक अक्षरांत असावी. सौर फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, पक्का बसवलेला हवा, आणि फाइंडर झाकलेला. आयपीसला मागून लावायचा 'सन' लिहिलेला काचेचा तुकडा उष्णतेने तडकतो आणि डोळा कायमचा जातो. असा तुकडा खोक्यात निघाला तर फेकून द्यावा, हेही छापा.

आपला,
एक निवृत्त टर्नर