काका, तुमच्यामुळे इंजिन उभं राहिलं (एक जाहीर आभार पत्र)

काका, नमस्कार.

समोर बसून थँक्यू म्हटलं की तुम्ही "बरं बरं, चहा घे" म्हणून विषय बदलता, म्हणून आता सगळ्यांसमोरच लिहितोय. शिवाय इथे मिशिगनमध्ये आणि बाकी ठिकाणी जुनी होंडा रोज ऑफिसला पळवणारी जी मराठी पोरं आहेत ना, त्यांच्याही कामाला येईल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गाडी २००० ची अ‍ॅक्युरा इंटेग्रा एलएस, म्हणजे होंडाच्याच दुसऱ्या ब्रँडची. इंजिन हायब्रिड, पण हायब्रिड म्हणजे इथे बॅटरीवालं नाही, खाली ब्लॉक (सिलिंडरचा भाग) गाडीचाच, बी१८बी१, आणि वर सिव्हिक एसआयच्या बी१६ए२ इंजिनचं व्हीटेक हेड (व्हॉल्व्हचा भाग; व्हीटेक म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारी, वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह जास्त उघडणारी होंडाची यंत्रणा). एलएसचा स्ट्रोक (पिस्टन वरखाली जातो ते अंतर) ८९ मिमी, त्यामुळे खालच्या आरपीएमला ओढ मस्त आहे पण वर गेलं की त्याचं हेड दम सोडतं, आणि बी१६ चं उलट, ते ८००० पर्यंत छान श्वास घेतं पण स्ट्रोक फक्त ७७.४, म्हणून सिग्नलवरून निघताना त्यात जोर नाही. दोघांचं चांगलं ते एकत्र करायचं एवढीच आयडिया.

पार्टची यादी घेऊन तुमच्या गॅरेजमध्ये आलो तेव्हा तुम्ही ती बघितलीच नाही. दोन प्रश्न विचारलेत. "रेडलाइन किती ठेवणार?" (म्हणजे इंजिन जास्तीत जास्त किती आरपीएमपर्यंत पळवणार) आणि "जानेवारीत गाडी रात्री कुठं उभी असते?" खरं सांगतो काका, हे दुसरं मला कुणीच विचारलं नव्हतं. सगळे हॉर्सपॉवर किती ते विचारतात. गाडी उघड्यावर उभी असते आणि इथे उणे पंधरा म्हणजे नेहमीचंच, हे ऐकल्यावर तुम्ही मान हलवलीत आणि तिथेच पिस्टन ठरले.

फोर्ज्ड (दाबून घडवलेले) पिस्टन म्हटलं की लोक सरळ २६१८ नावाचं अॅल्युमिनियम अलॉय घेतात. टर्बोला, रेसला ते भारीच आहे, मार खातं आणि फुटत नाही. पण त्यात सिलिकॉन जवळपास नसतं, ते गरम झाल्यावर जास्त फुगतं, म्हणून सिलिंडरमध्ये क्लिअरन्स (पिस्टन आणि भिंतीमधली फट) मोकळा ठेवावा लागतो आणि मग थंडीत इंजिन गरम होईपर्यंत पिस्टन भिंतीवर आपटत राहतो. ४०३२ हे दुसरं अलॉय, त्यात सिलिकॉन १२ टक्क्यांच्या आसपास असतं, फुगणं कमी, क्लिअरन्स घट्ट, आवाज कमी, रिंगा जास्त टिकतात. टर्बो लावायचा नाही, रोज सकाळी थंड इंजिन चालू करून ऑफिस गाठायचंय, मग ४०३२ च. आता फेब्रुवारीतसुद्धा स्टार्ट मारल्यावर खडखड नाही, त्या प्रत्येक सकाळी तुमची आठवण येते.

रेडलाइनचं तर तुम्ही कागदावर गणितच मांडलंत. एलएसची कंपनीची लिमिट ६८०० च्या आसपास. रॉडवरचा (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्यावरचा) ताण आरपीएमच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ७६०० ला साधारण २५ टक्के जास्त आणि ८२०० ला थेट ४५ टक्के. आणि रॉडचा बोल्ट सगळ्यात जास्त ताणला जातो तो स्फोटाच्या वेळी नाही तर एक्झॉस्ट स्ट्रोकच्या टोकाला, कारण तेव्हा पिस्टनला वरून दाबून धरणारं काहीच नसतं, हे तुम्ही हातात रॉड धरून दाखवलंत तेव्हा डोक्यात पक्कं बसलं. एलएसचे हायब्रिड फुटतात ते बहुतेक वेळा रॉड बोल्टपायीच. म्हणून आपण ७६०० वर थांबलो आणि तरीही रॉड फोर्ज्ड एच-बीम घेतले, कारण जुने रॉड घेऊन त्यात चांगले बोल्ट घालायचे, मग रॉडची क्रँककडची मोठी भोकं परत गोल करून घ्यायची, या सगळ्याचा खर्च नव्या रॉडच्या जवळ जातो. बोल्ट नुसत्या टॉर्क रेंचवर न आवळता किती लांब झाला ते गेजने मोजत आवळलेत. "टॉर्क घर्षण सांगतो, लांबी खरं सांगते," हे तुमचं वाक्य मी टूलबॉक्सच्या झाकणावर लिहून ठेवलंय.

कॉम्प्रेशनचंही (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं त्याचंही) तसंच. बोअर (सिलिंडरचा व्यास) अर्धा मिमी वाढवून ८१.५ केला, एका सिलिंडरचे झाले ४६४ सीसी, १०.५ ला १ पाहिजे तर वर ४९ सीसीच्या आसपास जागा उरली पाहिजे. कॅटलॉगवर विश्वास न ठेवता तुम्ही हेड उलटं करून, काचेसारखी पट्टी चिकटवून, ब्युरेटने थेंब थेंब सोडून चारही चेंबर मोजलेत. मग पिस्टनवर मऊ माती लावून हेड बसवलं, हाताने क्रँक फिरवला, हेड काढलं, मातीत व्हॉल्व्हचे ठसे उमटलेले, आणि तुम्ही ब्लेडने माती कापून तिची जाडी मोजलीत. एक्झॉस्टच्या बाजूला अडीच मिमीच्या वर. तेव्हा पहिल्यांदा तुमचा चेहरा सैल झाला.

एलएसच्या ब्लॉकमधून व्हीटेकला ऑइल जात नाही, ती लाइन मागून बाहेरून ओढली, हेडमधलं भोक बुजवलं. ऑइल पंप इंटेग्राच्याच जीएसआर मॉडेलचा, नवा. कॅम, फ्लायव्हील, क्लच सगळं कंपनीचंच ठेवायला लावलंत, आणि ते बरोबरच होतं, ट्रॅफिकमध्ये हलका फ्लायव्हील म्हणजे पायाला शिक्षा.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर शिकलेला हात, नंतर इथे आयुष्यभर इंजिनं मशीन केली, आणि रिटायर झाल्यावर मंडळाच्या गणपतीत ओळख झालेल्या पोरासाठी तुम्ही रविवारचे रविवार दिलेत. होनिंग करताना (सिलिंडरच्या भिंती घासून अचूक करताना) ब्लॉकवर टॉर्क प्लेट (हेड आवळल्यासारखा ताण देणारी जाड प्लेट) लावायचीच असा हट्ट धरून ओळखीच्या मशीन शॉपमध्ये स्वतः माझ्याबरोबर उभे राहिलात. पैसे घेतले नाहीत. पाकीट ठेवलं तर काकूंनी ते पोळ्यांच्या डब्यात घालून परत पाठवलं. काकू, तुमचेही खूप खूप आभार, ग्रीसचे हात घेऊन आम्ही किचनमध्ये यायचो तरी कधी चिडला नाहीत.

काका, पार्ट तर पैसे टाकले की कुणीही आणतं. माझी गाडी कशी आणि कुठे चालते ते आधी समजून घेऊन मग पार्ट निवडून देणारं माणूस मला मिळालं, ही मोठी गोष्ट आहे आणि ती मी विसरणार नाही.

थंडीच्या आधी व्हॉल्व्ह क्लिअरन्स परत बघायचाय, तेव्हा येतोच. तुमचा बोअर गेजही आणतो. आणि या वेळी गाडी तुम्ही चालवायची, हायवेवर, ७६०० पर्यंत. नाही म्हणायचं नाही.

तुमचा,
इंटेग्रावाला