इम्प्लांटवर नंबर हवाच, पण तो कुठे आणि कसा मारलाय ते पण बघा

संपादक साहेब, नमस्कार.

आपल्या पेपरात हल्ली खुबा नि गुडघा बदलायच्या ऑपरेशनच्या बातम्या बऱ्याच येतात, चांगलंच आहे, पण त्यात डॉक्टर आणि खर्च एवढंच असतं, शरीरात जो धातूचा तुकडा बसणार त्याच्याबद्दल कोणीच काही बोलत नाही. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत लेझर मार्किंगचं काम करतो. आमच्याकडे पंपाचे, गाड्यांचे पार्ट येतात, इम्प्लांट येत नाहीत, पण लेझर धातूचं काय करतो ते रोज समोर दिसतं म्हणून लिहितोय.

इम्प्लांटवर कंपनी, साइझ, लॉट नंबर बहुतेक वेळा लेझरनेच मारतात. तो नंबर पाहिजेच. 2010 मध्ये डेप्यु कंपनीने एएसआर नावाचा कृत्रिम खुबा जगभरातनं परत मागवला तेव्हा भारतात हजारो लोकांना तो बसवलेला होता आणि त्यातल्या कितीतरी जणांचा पत्ताच लागला नाही. त्यामुळे मार्किंग बंद करा असं मी अजिबात म्हणत नाही.

पण नेहमीचं फायबर लेझर मशीन 1064 नॅनोमीटरचा किरण नॅनोसेकंदांच्या झटक्यांनी मारतं, त्यात वरचा बारीक थर वितळतो आणि लगेच गोठतो. टायटॅनियममधनं उष्णता पटकन आत जात नाही, ती वरच साठते, तापलेलं टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि तो थर कडक नि ठिसूळ होतो, शिवाय थंड होताना त्याला आकसायचं असतं पण खालचा गार धातू आकसू देत नाही, म्हणून तिथे कायमचा ओढ असलेला ताण राहतो, कधी कधी सूक्ष्म भेगा पण पडतात. हे सगळं काही मायक्रॉनांत चाललेलं असतं. वरनं बघणाऱ्याला फक्त सुबक काळा नंबर दिसतो.

फटीगची, म्हणजे पुन्हा पुन्हा भार येऊन धातू थकल्यामुळे पडणारी क्रॅक बहुतेक वेळा पृष्ठभागावरच सुरू होते. कापड दुकानदार कात्रीने एक छोटी चीर देतो आणि मग अख्खा पन्हा टरकन फाटतो, तसंच हे. चालताना खुब्याच्या सांध्यावर वजनाच्या साधारण अडीचपट भार येतो, म्हणजे 60 किलोच्या माणसाच्या सांध्यावर पावलागणिक दीडशे किलो, आणि वर्षाला एका पायाची अशी पावलं धरतात साधारण 10 लाख. एका झटक्यात धातू कधीच मोडणार नाही, पण एवढ्या वेळा भार आला-गेला की खाचेपासनं क्रॅक सरकत जाते. हे नुसतं पुस्तकातलं नाही. 1997 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी कोबाल्ट-क्रोम या मिश्रधातूच्या खुब्याचे तुटलेले दांडे (मांडीच्या हाडात बसतो तो भाग) तपासून छापलंय की क्रॅक लेझरने कोरलेल्या अक्षरांखालनं सुरू झाली होती.

आणखी एक गोष्ट, जी माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. बरेच पार्ट शॉट पीनिंग करून येतात, म्हणजे बारीक छर्रे मारून पृष्ठभाग दाबून ठेवतात, त्यामुळे क्रॅक लवकर उघडत नाही. त्याच्यावर लेझर फिरवला की नंबराच्या जागी ती सगळी मेहनत वाया. स्टीलच्या प्लेट-स्क्रूचं दुखणं वेगळं, तिथे क्रोमियम ऑक्साइडचा जो थर गंजापासनं वाचवतो तोच लेझरने बिघडतो, नंतर नीट पॅसिव्हेशन, म्हणजे ॲसिडने धुऊन तो थर परत बनवायचं काम, केलं नाही तर शरीरातल्या खारट द्रवात गंज आणि फटीग दोन्ही एकदम लागतात.

उपाय आहेत हो. नंबर कमी ताणाच्या जागी मारायचा, मानेवर (गोळ्याखालचा अरुंद भाग) किंवा जिथे भाराने दांडा वाकतो तिथे नाही. पॉवर कमी ठेवायची. पिकोसेकंद लेझर आलेत, त्यांचे झटके नॅनोसेकंदापेक्षाही खूप छोटे असतात, त्यात वितळणं फारच कमी होतं, मशीन महाग आहे पण शरीरात जाणाऱ्या वस्तूला परवडायलाच पाहिजे.

माझी खरी मागणी टेस्टबद्दल आहे. आयएसओ 7206-4 या आंतरराष्ट्रीय मानकाच्या टेस्टमध्ये खुब्याच्या दांड्याला 50 लाख वेळा भार देऊन बघतात. तो पीस मार्किंगसकट, पूर्ण तयार झालेला होता का, आणि मार्किंग त्याच मशीनवर त्याच सेटिंगला केलं होतं का, हे खरेदी करताना हॉस्पिटलांनी आणि सरकारी योजनांनी लेखी मागितलं पाहिजे. कोरा पीस टेस्ट करून नंबरवाला पीस विकला तर त्या रिपोर्टचा पेशंटला काय उपयोग?

ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांनी घाबरू नका, असे दांडे तुटणं दुर्मिळच आहे. इम्प्लांटच्या पाकिटावरचे स्टिकर आपल्या फाइलीत आहेत का तेवढं बघा, नसतील तर हॉस्पिटलमधनं मागून घ्या.

आणि सोलापुरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या सरांना विनंती, मेकॅनिकलच्या मुलांना हा प्रोजेक्ट द्या, धातूची साधी कांडी भाराखाली फिरवत ठेवायची फटीग टेस्ट आहे, काही सॅम्पल कोरे ठेवायचे, काही लेझर मारलेले, कोणते आधी तुटतात ते मुलांना स्वतः मोजू दे. मार्किंग मी फुकट करून देईन, पॉवर-स्पीडच्या सगळ्या सेटिंग लिहून देईन.

आपला,
एक वाचक, सोलापूर