सुतळीच्या आणि शेवयांच्या घरट्यांसाठी: मावशींचे जाहीर आभार

बालवाडीच्या मावशींना,

सप्रेम नमस्कार.

पाखरांच्या शिबिरात मुलांची सुतळीची घरटी चपटली नाहीत आणि शेवयांची घरटी हातात फुटली नाहीत, ते तुमच्यामुळे. तुमच्या खुबी बाकीच्या घरांतही पोचाव्यात, म्हणून आभाराबरोबर त्याही लिहितो आहोत.

सुगरणीच्या घरट्यासाठी फुगा नारळाएवढाच फुगवायचा, हा तुमचा पहिला आग्रह. गच्च भरलेला फुगा मुलं दाबतात आणि फुटतो. त्याला खोबरेलाचा हात फिरवायचा, नाहीतर वाळलेली सुतळी रबराला धरून बसते. बारीक सुतळी साधारण १२ मीटर लागते. अखंड दिली की गुंता ठरलेला, म्हणून तुम्ही २ मीटरचे ६ तुकडे आधीच कापून ठेवलेत. दोन भाग फेव्हिकॉलला एक भाग पाणी. सुतळी त्यात बुडवून चिमटीतून निपटून काढायची; निथळती गुंडाळली तर गोंद खाली उतरतो आणि वरचे वेढे सुटे राहतात. वेढे आडवेतिडवे, एकमेकांवरून जाणारे हवेत. दारासाठी खाली, जरा एका कडेला, तीन बोटं जातील एवढी जागा सोडायची.

पावसाळी हवेत हे वाळायला दोन दिवस लागतात. घाईने उन्हात ठेवलं तर फुग्यातली हवा तापून फुगते आणि वेढे सरकतात. शेवटी गाठीजवळ चिकटपट्टी लावून तिच्यातून टाचणी टोचायची, म्हणजे हवा हळूहळू जाते. फुगा फाटकन फुटला तर आक्रसताना सुतळीलाही आत ओढतो.

अर्ध्यावर कंटाळलेल्या मुलांना तुम्ही नेमकं तेव्हाच सांगितलंत, की नाव सुगरण असलं तरी घरटं नर विणतो. अर्धं झालं की मादी येऊन पाहते आणि पसंत पडलं तरच तो ते पुरं करतो. त्यानंतर एकानेही काम सोडलं नाही! ही घरटी झाडावर टांगू दिली नाहीत, तेही फार बरं केलंत. सुटलेल्या सुतळीत पाखरांचे पाय अडकतात.

खाऊची घरटी तर सोपीच: १५० ग्रॅम बारीक शेवया चमचाभर तुपात मंद आचेवर बदामी होईपर्यंत परतायच्या, १५० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क घालून गोळा कडा सोडेपर्यंत हलवायचं. यात १२ घरटी होतात. मिश्रण गार झालं की वळत नाही, भुगा होतो. अशा वेळी चमचाभर दूध घालून पुन्हा कोमट करायचं. गरम मिश्रण मोठ्यांनी तूप लावलेल्या वाट्यांत घालावं, मुलांनी चमच्याच्या पाठीने दाबून खळगा करावा. अंड्यांना बदाम किंवा शेंगदाणे न घेता तुम्ही पांढरे पेढे मळून घेतलेत, कारण अख्खा दाणा लहानग्यांच्या घशात अडकू शकतो. वर चिमूटभर जायफळ भुरभुरलंत आणि बुलबुलाची ठिपकेदार अंडी तयार. वाटीसारखं घरटंही बुलबुलाचंच, हे मुलांनी स्वतःच ओळखलं.

मावशी, मनापासून आभार. पातेलं आणि बाराही वाट्या घासून स्वयंपाकघरात ठेवल्या आहेत.

आपल्या,
बालवाडीतल्या सगळ्या ताई