वाफेतून औषध : आशा खरी, पण घरगुती प्रयोग नकोत

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

ग्रीन कॉरिडॉर करून एखादा अवयव किती मिनिटांत पोहोचला, ही बातमी आपल्या पत्रात वाचताना माझे डोळे आजही भरून येतात. चार वर्षांपूर्वी अशाच एका अनोळखी कुटुंबाने दुःखाच्या क्षणी होकार दिला, म्हणून माझ्या यजमानांना दोन्ही फुफ्फुसे मिळाली. हे पत्र मात्र मी त्यानंतरच्या काळाविषयी लिहीत आहे, कारण त्याविषयी छापून फार थोडे येते आणि मोबाइलवरून नको ते फार येते.

गेल्या महिन्यात तपासणीला गेलो असताना बाकावर शेजारी बसलेल्या एका तरुण रुग्णाच्या आईने आपल्या मोबाइलवर आलेला मजकूर मला दाखवला. शरीराकडून नाकारले जाणारे नवे फुफ्फुस वाफेच्या औषधाने वाचते, असे त्यात लिहिले होते. मग त्या हळूच म्हणाल्या, “ताई, सायक्लोस्पोरिनचं इंजेक्शन दुकानात मिळतं म्हणे. नेब्युलायझर तर घरी आहेच. त्यातच घालून दिलं तर?” सायक्लोस्पोरिन म्हणजे शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारे औषध. त्यांच्या मुलाची फुंक सहा महिने उतरत चालली आहे. त्या जागी मी असते तर मलाही हेच सुचले असते, म्हणून त्यांना दोष देण्याचा प्रश्नच नाही. पण त्यांच्या प्रश्नाचे नीट उत्तर छापील स्वरूपात मराठीत मिळायला हवे.

फुंक म्हणजे काय, ते आधी सांगते. आमच्या घरी रोज सकाळी चहाच्या आधी हे छोट्या स्पायरोमीटरमध्ये तीनदा जोराने फुंकतात आणि पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली, त्यातला सर्वांत चांगला आकडा मी वहीत लिहिते. प्रत्यारोपणानंतर स्थिरावलेला आमचा आकडा २.४० लिटर. यंदाच्या पावसाळ्यात तो २.२१ झाला, मग २.०८. जिना चढताना धाप लागत नव्हती, खोकलाही नव्हता. वहीने मात्र आधीच सांगितले होते. मूळ आकड्यापेक्षा २० टक्के किंवा त्याहून अधिक घट झाली, ती तीन महिन्यांहून अधिक काळ टिकली आणि तिला दुसरे कारण सापडले नाही, तर डॉक्टर त्याला क्रॉनिक रिजेक्शन, म्हणजे शरीराने नवे फुफ्फुस हळूहळू नाकारणे, असे म्हणतात. आमच्यासाठी ती रेषा १.९२ वर आहे. वेळीच औषधात बदल झाल्याने आकडा सध्या स्थिर आहे. परंतु फुफ्फुस बसवलेल्या रुग्णांपैकी साधारण निम्म्यांना पाच वर्षांच्या आत या दुखण्याला सामोरे जावे लागते. बहुतेकदा त्यात बारीक श्वासनलिकांत व्रण धरून त्या बुजत जातात, आणि एकदा बुजलेली नळी पुन्हा उघडत नाही.

वाफेच्या औषधाची कल्पना इथूनच आली. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या टॅक्रोलिमससारख्या गोळ्यांचे औषध रक्तातून सर्व शरीरभर फिरते. डोस वाढवला की फुफ्फुसाआधी मूत्रपिंड तक्रार करू लागते, म्हणूनच रक्तातल्या औषधाच्या लेव्हलच्या रिपोर्टइतकीच मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनच्या रिपोर्टची आम्हाला धास्ती असते. मात्र बदललेल्या मूत्रपिंडापर्यंत किंवा यकृतापर्यंत बाहेरची हवा जात नाही, ती फुफ्फुसात जाते. मग औषध श्वासावाटे थेट तिथेच का पोहोचवू नये? अमेरिकेतील पिट्सबर्गच्या डॉक्टरांनी सायक्लोस्पोरिनवर हाच प्रयोग करून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकूण ५८ रुग्ण होते. औषध घेणाऱ्या २८ जणांपैकी ३ दगावले, तर औषधविरहित फवारा घेणाऱ्या ३० जणांपैकी १४. हे आकडे मी पहिल्यांदा वाचले, तेव्हा रात्रभर झोप लागली नव्हती.

पण त्याच अहवालात असेही आहे की, तीव्र स्वरूपाचे, म्हणजे अचानक उद्भवणारे रिजेक्शन या औषधाने कमी झाले नाही. शिवाय रुग्ण थोडे होते आणि केंद्र एकच होते. एवढ्या पुराव्यावर अमेरिकेच्या औषध नियामकाने त्या औषधाला परवानगी दिली नाही. मला तो निर्णय तेव्हा कठोर वाटला, आज योग्य वाटतो. पुढे सायक्लोस्पोरिन स्निग्ध द्रव्याच्या अतिसूक्ष्म कणांत, म्हणजे लायपोसोममध्ये भरून, जाळीच्या खास नेब्युलायझरमधून देण्याचा मार्ग निघाला आणि ‘बोस्टन’ नावाच्या चाचण्यांत तो तपासला गेला. त्यात एक फुफ्फुस बदललेल्यांना ५ मिलिग्रॅम, दोन्ही बदललेल्यांना १० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, असा डोस होता. नळ्या अरुंद होत जाणाऱ्या प्रकारासाठीच या चाचण्या होत्या. क्रॉनिक रिजेक्शनचे इतर प्रकार त्यांच्या कक्षेत नव्हते.

आता त्या आईंच्या प्रश्नाकडे येते. शिरेतून देण्याच्या सायक्लोस्पोरिनच्या इंजेक्शनात औषध विरघळवण्यासाठी एरंडेलापासून तयार केलेले द्रावक आणि अल्कोहोल असते. शिरेतून देतानाही त्या द्रावकाची गंभीर ॲलर्जी येऊ शकते, मग आधीच आजारी असलेल्या श्वासनलिकांत ते फवारणे किती धोक्याचे आहे, याची कल्पना करावी. घरातल्या साध्या नेब्युलायझरमधून औषधाचे कण किती बारीक पडतील आणि बारीक नळ्यांपर्यंत त्यातले किती पोहोचेल, याचाही भरवसा नाही. दम्याच्या पंपातले स्टेरॉइड हेही या औषधाला पर्याय नव्हे. मी त्यांना एवढेच सांगितले, “आत डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही करू नका,” आणि त्यांच्याबरोबर आत गेले.

म्हणून आपल्याला कळकळीची विनंती आहे. पुण्यात आता फुफ्फुस बदललेले रुग्ण राहतात, त्यांची घरे आपले पत्र वाचतात. अशा उपचाराची बातमी देताना चाचणीत किती रुग्ण होते, त्या उपचाराला परवानगी आहे की नाही आणि तो कोणत्या प्रकारच्या रिजेक्शनसाठी आहे, हे त्याच बातमीत सांगावे. आपल्या देशात एखादी चाचणी सुरू आहे का, हे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया या सर्वांना खुल्या असलेल्या नोंदणीत पाहता येते, हेही लिहावे. आणि अवयवदानाच्या पुरवणीत एखादे पान प्रत्यारोपणानंतरच्या पाचव्या वर्षासाठी ठेवावे. घरी रोज फुंकून आकडा लिहिण्याची सवय त्या पानामुळे चार घरांत लागली, तरी कुणाची तरी घट महिनाभर आधी लक्षात येईल.

आपली,
एका रुग्णाची पत्नी
सहकारनगर, पुणे