जुन्या गोव्याहून तुझा फोन आला तेव्हापासून

वसई, डिसेंबर २०२४

प्रिय बाबू,

मम्मी झोपली आहे, म्हणून आता लिहायला बसलो. पायाला फोड आले असतील तर ते फोडू नकोस, नुसतं खोबरेल लाव. पहाटे पणजीहून निघून रायबंदरच्या बांधावरून जुन्या गोव्यापर्यंत चालायचं म्हणजे दहा किलोमीटर तरी होतात, आणि पायात चप्पल. बूट काय शोकेसमध्ये ठेवायला घेतले? असो. संत फ्रान्सिस झेवियरचं शवदर्शन झालं, छान झालं. फोटो अख्ख्या आळीने पाहिले. मोठी आजी तर फोनच्याच काचेचा मुका घेत होती.

एका फोटोत तू कुणा म्हाताऱ्या बाईची पिशवी घेऊन रांगेत उभा आहेस. तो मी वाडीत नेऊन एकटाच पुन्हा पुन्हा पाहिला.

फोन ठेवता ठेवता तू म्हणालास, ‘परीक्षा झाली की त्या जेजुइट फादरांना भेटणार आहे, जरा सविस्तर बोलायचंय.’ कशाबद्दल, ते बोलला नाहीस. मीही विचारणार नाही. कॉलेजातला मुलगा फादरांना भेटला म्हणजे लगेच काही होत नसतं.

२०१४ च्या शवप्रदर्शनाला आपण गेलो होतो ते आठवतं का? तू लहान होतास. बॉम जेझू चर्चमधून शव से कॅथेड्रलमध्ये आणलेलं, रांग थेट बाहेर उन्हात. तुला खांद्यावर घेतलं होतं. पेटीजवळ पोचलो आणि सगळे गप्प असताना तू मोठ्याने विचारलंस, ‘पपा, ह्याचा एक हात कुठेय?’ मी हळूच सांगितलं की १६१४ मध्ये तो रोमला नेला, तिथल्या जेजू चर्चमध्ये आहे. तर तू म्हणालास, ‘मग परत नाही का दिला?’ पुढचे फादरसुद्धा हसले. बाहेर येऊन खाज्याचा पुडा एकट्याने संपवलास आणि बॉम जेझूच्या त्या बिनगिलाव्याच्या लाल चिऱ्यांना पाठ टेकून झोपलास.

आता मोठा होऊन त्याच पेटीपुढे उभा राहिलास तेव्हा काय विचारलंस, देव जाणे.

झेवियरही विद्यार्थीच होता रे. पॅरिसला शिकायला गेला, शिकवायलाही लागला, प्राध्यापक म्हणून नाव काढलं असतं. खोलीत इग्नेशियस राहायला आला, पुढे जेजुइट संघ काढणारा, आणि सगळं फिरलं. घरातलं शेंडेफळ. १५४१ मध्ये लिस्बन सोडलं, पुढच्या वर्षी गोव्याला उतरला, आणि १५५२ मध्ये चीनजवळच्या एका बेटावर वारला. वय शेहेचाळीस. नावार मुलखातलं आपलं घर त्याला पुन्हा दिसलं नाही. आपला गोन्सालो गार्सियाही तसाच, वसईचा पोर, जेजुइटांबरोबर जपानला गेला तो गेलाच. १५९७ मध्ये नागासाकीला क्रूसावर मारलं त्याला. त्याच्या सणाला मी पुढे होऊन बॅनर धरतो, तुला ठाऊक आहे. पण त्याच्या घरी मागे काय झालं असेल, हे मी कालपर्यंत कधी मनात आणलं नव्हतं.

तू आधी गणिताची एटीकेटी काढ. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष म्हणजे खेळ नाही, फीचे हप्ते झाडाला लागत नाहीत, आणि एकदा गर्दीत मन भरून आलं म्हणून माणसाने आयुष्याचे निर्णय... झालं, सुरू झालो. राग मानू नकोस. पत्रातसुद्धा माझा आवाज चढतो.

सिस्टर आत्या घर सोडून निघाली तेव्हा आजोबा किती दिवस पंगतीला बसले नव्हते, हे तुला कुणी सांगितलं नसेल. आणि तिने व्रतं घेतली त्या दिवशी पहिल्या बाकावर तेच, नवं धोतर नेसून. मी तेव्हा त्यांना हसलो होतो.

फादरांनी एकदा प्रवचनात सांगितलेलं: मोलुक्काच्या बेटांवर असताना झेवियरने सोबत्यांच्या पत्रांवरच्या सह्या कापून आपल्याजवळ बाळगल्या होत्या. एवढी आठवण यायची त्याला. तुझा मात्र आठवड्याला एक फोन येत नाही.

केळी यंदा बरी आहेत. बावखलात पाणी आहे, पंप दुरुस्त केला. बिल्डर पुन्हा येऊन गेला, चहा पाजून घालवला. वाडी पुढे कोण बघणार, हे मी तुला विचारत नाहीये.

देवाचं पाचारण खरं असेल, फादर व्हायचंच असेल, तर मी आडवा येणार नाही. येऊ शकणारही नाही, मम्मी मला घरात ठेवणार नाही. तिला अजून काही बोललो नाही, कारण ती आनंदाने रात्रीत सगळ्या आळीला सांगेल. मग उद्या सेमिनरीतून परत यावंसं वाटलं, तर तुला कुणी सुखाने परत येऊ देणार नाही. गेल्या वर्षी आलेल्या त्या पोराचं पाहतोस ना, चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसतो.

नाताळला मडगावहून निघालास की कळव, पनवेलला घ्यायला येतो. गाडीत आपण दोघंच असू. फादरांना भेटणार असशील तर त्याआधी मला फोन कर. आधीच भेटून झालं असेल तरीही कर.

तुझा
पपा