मोतीला घराबाहेर काढू दिलं नाहीत, म्हणून

आदरणीय डॉक्टर ताई,
सप्रेम नमस्कार.

मोतीच्या पोटावर पुळ्या उठल्या, केस जाऊन गोल चट्टे पडले, तेव्हा गावात दोनच उपाय ऐकू येत होते. जळालेलं ऑइल चोपडा, नाहीतर कुत्रं दूर नेऊन सोडा. घरात मामंजींना शुगर, पायाची जखम काही केल्या भरेना. रानडुकरांच्या जागलीला वावरात हे दोघं सोबती, ओसरीवरही मोती त्यांच्या पायाशीच.

तुम्ही मोतीला तपासण्याआधी विचारलंत, "घरी कोणाला उघडी जखम आहे का? कुत्रं चाटतं का ती?" हे आम्हाला तोवर कोणीच विचारलं नव्हतं.

मग नीट समजावलंत. स्टॅफिलोकॉकस स्युडइंटरमिडियस हा जिवाणू धडधाकट कुत्र्याच्याही कातडीवर, नाकातोंडात असतो. पिसवांनी, ॲलर्जीने कातडी बिघडली की तो पू करतो. माणसाला क्वचितच बाधतो, पण उघडी जखम मिळाली तर बाधू शकतो. आणि आपल्या नाकातला स्टॅफिलोकॉकस ऑरियसही कुत्र्याला लागू शकतो. ही देवाणघेवाण दोन्हीकडून चालते, हे ऐकून मामंजींचा जीव भांड्यात पडला. मोतीवर सगळा ठपका येतोय, हेच त्यांना सहन होत नव्हतं.

मामंजींच्या डॉक्टरांसाठी तुम्ही चिठ्ठी दिलीत: 'घरी कुत्रा आहे, जखम चाटतो, लॅबला कळवावे.' हे दोन जिवाणू तपासणीत एकमेकांसारखे दिसतात, कुत्र्यातला तर 2005 साली वेगळा ओळखला गेला, म्हणून सांगणं बरं, असं म्हणालात. पूच्या कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये जिवाणू वाढवून केलेल्या तपासणीत, कुत्र्यातलाच निघाला आणि त्याला लागू पडेल ते औषध सुरू झालं. त्या एका ओळीचे उपकार कसे फेडावेत?

दवाखान्याच्या हौदापाशी पदर खोचून तुम्ही स्वतः मोतीला क्लोरहेक्सिडीनचा जंतुनाशक शाम्पू लावलात. तो अंग झाडायला बघे, तुम्ही एका हाताने मान धरून दुसऱ्या मनगटावरचं घड्याळ बघत होतात. फेस 10 मिनिटं राहिलाच पाहिजे, तोवर पाणी नाही. आम्हीही घरी तसंच केलं. जखमेवर पट्टी, मोतीला हात लावला की साबण, त्याचं अंथरूण वेगळं.

आता मोतीच्या पोटावर नवे केस आलेत, मामंजींची जखमही भरत आलीय.

एक विनंती आहे, ताई. गुरांच्या लसीकरणाला गावात याल तेव्हा हे सगळं चार लोकांत सांगा. माणसं जमवायचं काम माझ्याकडे.

तुमची,
मोतीच्या घरची सून